संघ खरा कोणाचा?

अमेरिकेंत बास्केटबॉलचा धंदेवाईक संघ शहराच्या नांवानें ओळखला जातो. परंतु त्याची मालकी शहराची नसते. खेळाडू पगारी, मालक धनिक आणि प्रेक्षक तिकीट काढून येणारा, अशी ही व्यवस्था आहे. संघ जागच्या जागीं असतो तोंपर्यंत या भेदाची कोणास आठवण होत नाहीं. सिअ‍ॅटल शहरास ती २००८ सालीं मोठ्या कठोरपणें झाली.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील या शहरास १९६७ सालीं संघ मिळाला. तेथील बोइंग कारखान्याकडे त्या वेळीं ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान बांधण्याचें काम आलें होतें, म्हणून संघाचें नांव ‘सुपरसॉनिक्स’ असें ठेविलें. १९७१ सालीं काँग्रेसनें त्या विमानाचा पैसा बंद केला. विमान कधींच उडालें नाहीं, नांव मात्र राहिलें. १९७८ सालीं अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यांत वॉशिंग्टनच्या ‘बुलेट्स’नीं या संघास हरविलें. पुढच्याच वर्षीं लेनी विल्कन्स यांच्या मार्गदर्शनाखालीं त्याच प्रतिस्पर्ध्यास चार विरुद्ध एक असें नमवून सिअ‍ॅटलनें अजिंक्यपद मिळविलें. १९९६ सालीं गॅरी पेटन व शॉन केंप यांच्या बळावर संघ पुन्हां अंतिम मालिकेस पोंचला. पण मायकेल जॉर्डनच्या शिकागोपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं.

पुढें प्रश्न उपस्थित झाला तो क्रीडागृहाचा. १९९५ मध्यें नूतनीकरण केलेलें क्रीडागृह दहा वर्षांच्या आंतच मालकांना अपुरें वाटूं लागलें, व त्यासाठीं त्यांनीं सार्वजनिक पैसा मागितला. तो मिळेना, तेव्हां कॉफीच्या व्यापारांतील हॉवर्ड शुल्ट्झ व त्यांचे भागीदार यांनीं २००६ सालीं संघ ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट प्रभृतींस ३५ कोटी डॉलरना विकला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सिअ‍ॅटलच्या मतदारांनीं, धंदेवाईक संघांवर खर्च केलेल्या पैशाचा शहरास योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, असा निर्बंध सुमारें तीन-चतुर्थांश मतांनीं मंजूर केला.

इकडे ओक्लाहोमा सिटीची वृत्ति निराळी होती. २००५ च्या कॅट्रीना वादळानें न्यू ऑर्लीन्सचा संघ बेघर झाला, तेव्हां या शहरानें त्यास दोन हंगाम आसरा दिला आणि आपलें क्रीडागृह भरूं शकतें हें दाखवून दिलें. मार्च २००८ मध्यें तेथील मतदारांनीं क्रीडागृहाच्या सुधारणेसाठीं विक्रीकर देण्यास संमति दिली. भाडेकरार २०१० पर्यंतचा होता म्हणून सिअ‍ॅटल न्यायालयांत गेलें. पण जुलै २००८ मध्यें साडेचार कोटी डॉलर घेऊन तडजोड झाली. संघ गेला, नांव आणि रंग मात्र सिअ‍ॅटलकडे राखून ठेवले.

या घटनेविषयीं चाहत्यांचीं मतें एकसारखीं नाहींत. कोणी विकणाऱ्यास दोष देतो, कोणी घेणाऱ्यास, तर कोणी सर्व व्यवहारास संमति देणाऱ्या संघटनेस. ज्यानें ४१ हंगाम टाळ्या दिल्या त्याची स्थिति कुळासारखी झाली: शेत कसलें त्यानें, सातबारा दुसऱ्याच्या नांवें. उलट, मतदारांनीं शाळा आणि रस्ते यांच्या पैशास जपलें यांत खेळाचा द्वेष नव्हता, हेंही तितकेंच खरें. धनिकाच्या धंद्याचा भार नागरिकानें उचलावा काय, हा प्रश्न त्यांनीं रास्तच विचारला. त्याचें उत्तर महाग पडलें, एवढेंच.

२०१३ सालीं मोठी विचित्र वेळ आली. सिअ‍ॅटलसाठीं सॅक्रामेंटोचा ‘किंग्ज’ संघ विकत घेऊन हालविण्याचा बेत झाला, आणि आपल्यावर ओढवलेलें दुःख दुसऱ्या शहराच्या पदरीं घालण्याचा प्रसंग सिअ‍ॅटलच्या रसिकांपुढें उभा राहिला. मालकांच्या सभेनें बावीस विरुद्ध आठ मतांनीं तें स्थलांतर नाकारलें. तो ‘किंग्ज’ संघ तरी मूळचा सॅक्रामेंटोचा कोठें होता? रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशीं गांवें करीत तो १९८५ सालीं तेथें आला होता. आज जो आपला म्हणून कवटाळावा, तो काल कोणाचा तरी गेलेला असतो.

ओक्लाहोमाचा ‘थंडर’ २०२५ सालीं इंडियानावर चार विरुद्ध तीन अशी मात करून अजिंक्य ठरला. २००८ च्या कराराप्रमाणें १९७९ च्या विजयाचा इतिहास हा दोन्ही शहरांचा सामाईक ठेवा आहे. परंतु तो सामना पाहिलेला सिअ‍ॅटलचा वृद्ध प्रेक्षक या नव्या विजयानें हर्षित व्हावा अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. संघाचा परवाना विकत घेतां येतो, खेळाडूही नेतां येतात. वडिलांच्या शेजारीं बसून पाहिलेला खेळ मात्र कोणत्याच खरेदीखतांत घालतां येत नाहीं.