गिळलेला कॅमेरा आणि काशीतील ‘रंगभूमी’

दशाश्वमेध घाटाचे सध्याचे बांधकाम बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ च्या सुमारास करविले असे मानले जाते. काशी मराठी माणसाला परकी नव्हती. मात्र १९२० च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके तेथे सहकुटुंब राहिले ते केवळ तीर्थाटनासाठी नव्हे. हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या भागीदारांशी मतभेद होऊन त्यांनी चित्रपटनिर्मितीतून निवृत्ती पत्करली होती. काशीत नारायण हरी आपटे (‘कुंकू’ ज्यांच्या कादंबरीवरून निघाला ते) यांच्यासह त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक सिद्ध केले. नाटकानेच तत्कालीन नाट्यव्यवहाराची थट्टा करावी, अशी ती कल्पना होती.

माध्यमाने स्वतःचीच थट्टा करण्याचा प्रकार ब्रिटिश विनोदी चित्रपटात त्याआधीच घडला होता. होव्हच्या जेम्स विल्यमसन यांचा १९०१ मधील ‘द बिग स्वॅलो’ जेमतेम मिनिटभराचा आहे. आपले चित्र घेतले जाते म्हणून चिडलेला गृहस्थ पुढे पुढे येतो, त्याचे तोंड पडदा व्यापते आणि कॅमेऱ्यासह छायाचित्रकार त्यात नाहीसा होतो. मग तो तृप्तपणे चघळत मागे सरतो. छायाचित्रकारच गिळला गेला, तर हे चघळणे कोण टिपतो? एक नट आणि थोडी जोडकामाची हातचलाखी, एवढ्या भांडवलावर हा प्रश्न उभा राहतो.

फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून मागविलेला कॅमेरा विल्यमसन बनावटीचाच होता. सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन येथील स्टुडिओही त्यांनी तेव्हा पाहिला. एवढ्यावरून ‘प्रभाव’ सिद्ध करण्याचा मोह आवरलेला बरा. यंत्र आले म्हणजे विनोदही आला, असे होत नाही. आटोपशीर चित्रपटीय विनोद फाळक्यांना अपरिचित नव्हता, हे ‘पिठाचे पंजे’ या त्यांच्या लघुपटावरून दिसते. ‘रंगभूमी’त मात्र हा आटोपशीरपणा सुटला. प्रयोग दोन रात्रींत विभागावा लागे. १९२२ मध्ये मुंबईच्या बालीवाला थिएटरात तो झाला, तेव्हा प्रतिसाद बेताचाच मिळाला. जत्रेतल्या प्रेक्षकाला विल्यमसनचा विनोद कळण्यासाठी काहीच ठाऊक असावे लागत नव्हते. फाळक्यांच्या प्रेक्षकाला नाट्यसृष्टीचे अंतरंग माहीत असणे आवश्यक होते. उपहासाचा विषय आणि त्याचा जाणकार प्रेक्षक एकाच लहान वर्तुळात सापडल्यावर तिकीट कोण काढणार? पुढे लवकरच फाळके नाशिकला, त्याच कंपनीत आणि कॅमेऱ्यामागे परतले.