मोरीतल्या पाण्यातून रक्ताच्या पेशीपर्यंत

भांडी घासून झाल्यावर टोपातल्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो. साबणाचा एक थेंब पडला की तो झरकन कडेला पळतो. आपण सगळ्यांनीच हे पाहिलंय, आणि पाणी ओतून पुढच्या कामाला लागलोय. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट आहे जर्मनीतल्या आग्नेस पॉकेल्स या बाईंची. त्या तिथंच थांबल्या आणि पाहत राहिल्या.

आग्नेसचा जन्म 1862 चा, इटलीतल्या व्हेनिसचा. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. मलेरियानं त्यांची तब्येत खचली आणि कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी आलं. मुलींच्या शाळेत आग्नेसला विज्ञानाची गोडी लागली, पण पुढं मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. नंतर ती थोडी उघडली, तेव्हा आईवडिलांनीच नको म्हटलं. घरात दोन आजारी माणसं, त्यांचं करायचं कुणी? धाकटा भाऊ मात्र शिकायला गेला. त्याचं एक चांगलं, तो आपली पुस्तकं बहिणीला आणून द्यायचा.

अठराव्या-विसाव्या वर्षी स्वयंपाकघरातच तिचे प्रयोग सुरू झाले. तिचं साधन ऐका. पत्र्याची एक पन्हळ, 70 सेंटिमीटर लांब, 5 रुंद आणि 2 उंच. ती पाण्यानं काठोकाठ भरायची आणि वर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची, अशी की पट्टीचा खालचा भाग पाण्याला टेकेल. पट्टी सरकवली की तिच्या पुढचा तवंग दाटीनं गोळा होतो, मागं घेतली की पुन्हा पसरतो. मग तराजूला 6 मिलिमीटरची एक चकती टांगून ती पाण्याला टेकवायची आणि उचलायला किती वजन लागतं ते मोजायचं. पाणी वरून किती ताणलेलं आहे, हे त्यावरून कळतं. आपल्या गावचा पत्र्याचं काम करणाराही असली पन्हळ सहज करून देईल.

तिला आढळलं असं, की तवंग विरळ असेपर्यंत पाण्याचा ताण स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. पट्टी सरकवत एका ठरावीक जागी आलं, की तो एकदम कमी होऊ लागतो. त्या जागी तेलाचे कण एकमेकांना खेटून उभे असतात, अगदी एकेरी थरात. हा अर्थ पुढं उलगडला, पण ती जागा शोधली तिनं.

दहा वर्षं हे सगळं वहीतच होतं. इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याच विषयावर काम करतात हे कळल्यावर 10 जानेवारी 1891 ला तिनं त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅलेंच्या पत्नीनं त्याचा इंग्रजी तरजुमा केला. रॅलेंनी ते स्वतःच्या नावावर खपवलं नाही, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं आणि 12 मार्चला ते तिच्या नावानं छापून आलं.

पुढं अमेरिकेच्या अर्व्हिंग लँगम्युअर यांनी ही पन्हळ सुधारली. आज जगभर तिला त्यांचंच नाव आहे.

आता पेशीकडे येऊ. 1925 साली हॉलंडमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधली चरबी काढली आणि अशाच पन्हळीत पाण्यावर एकेरी थरात पसरली. तिनं व्यापलेली जागा पेशींच्या अंगाच्या दुप्पट भरली. म्हणजे पेशीचं आवरण दुहेरी! चरबीच्या कणांची डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. गंमत अशी की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. थोडी चरबी निघालीच नव्हती, आणि पेशीचं अंगही कमी मोजलं होतं. दोन्ही चुका एकमेकींत फिटल्या आणि उत्तर बरोबर आलं.

या आवरणातला चरबीचा थर मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतका पातळ असतो. तो तेलासारखा वाहता आहे. त्याला आतून प्रथिनांची जाळी आधार देते, म्हणून तांबडी पेशी स्वतःहून अरुंद असलेल्या रक्तवाहिनीतून दुमडून निघते आणि बाहेर पडताच पुन्हा पूर्वीसारखी होते. सुमारे 120 दिवस ती हेच करते. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या मैत्रिणींना सिकलसेल माहीत आहे. त्या आजारात दोष पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनचा असतो. त्यामुळे पेशी कडक होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. सांधे ठणकतात ते त्यामुळेच. मऊपणा गेला की काय होतं, ते त्या घरांना कुणी समजवायला नको.

1932 साली लँगम्युअर यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं आग्नेसबाईंना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. तीन वर्षांनी, 1935 मध्ये, त्या त्याच गावात वारल्या.