स्वभावाची पदवी

१८५९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथं शिकारी कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. पुढं अशा प्रदर्शनांतून देखण्या कुत्र्यांना बक्षिसं देण्याची प्रथा रुजली. पण घरात वावरणारं कुत्रं देखणं असण्यापेक्षा शांत डोक्याचं असावं लागतं. या गुणासाठी स्वतंत्र परीक्षा यायला बराच काळ जावा लागला.

१९७७ मध्ये अमेरिकेत आल्फोन्स एर्टेल यांनी 'अमेरिकन टेम्परामेंट टेस्ट सोसायटी' स्थापन केली. तिची परीक्षा म्हणजे जणू नेहमीचा फेरफटका. दीड वर्षावरचं कुत्रं सैल पट्ट्यानं चालत असतं. वाटेत अनोळखी माणूस भेटतो, बंदुकीचे बार होतात, अचानक छत्री उघडते. मालकानं हुकूम सोडायचा नाही. कुत्रं दचकलं तरी चालतं, पण लगेच सावरलं पाहिजे. भेदरून गेलं किंवा विनाकारण अंगावर धावलं, की नापास!

यात न्यायाचाही प्रश्न आहे. ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यानं पिट बुल टेरियरसारखी कुत्री जातीवरूनच धोकादायक ठरवली. परीक्षेत मात्र समोरचं एकेक कुत्रं पारखलं जातं.

१९८९ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं 'कॅनाइन गुड सिटिझन' ही दहा कसोट्यांची परीक्षा सुरू केली. ती संकरित कुत्र्यांनाही खुली आहे आणि २०१३ पासून तिला अधिकृत पदवीचा दर्जा आहे. तिथं कुत्र्याच्या आधी मालकाला जबाबदारीच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. योग्यच आहे. कुत्र्याला वळण लावणारा तोच असतो.