बॉम्बे रक्तगट आणि पेशीवरची साखर

व्याख्यानाच्या पाटीवर ‘साखर’ हा शब्द दिसला की ताथवड्यातले निम्मे लोक मधुमेहाबद्दल ऐकायला येतात आणि उरलेल्यांना ऊस, कारखाना, गाळप आठवतं. आज आपण दोन्हींबद्दल बोलणार नाही आहोत. आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या उगवलेल्या असतात, गवतासारख्या. त्यांचा चहातल्या साखरेशी संबंध नाही. गोड कमी खाल्लं म्हणून त्या कमी होत नाहीत, जास्त खाल्लं म्हणून वाढत नाहीत. पण तुमच्या खिशातल्या ओळखपत्रावर जो रक्तगट छापलाय, तो या साखळ्यांच्या टोकाला कोणती साखर आहे याचीच नोंद आहे. ही गोष्ट कळली कशी, आणि त्यात मुंबई-पुण्याचा वाटा किती मोठा आहे, हे आज पाहू.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात रक्तगट शोधले हे आपण शाळेत शिकलो. एकाचं रक्तद्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळलं की कधी पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात, कधी होत नाहीत. यावरून गट पडले आणि रक्त देणं सुरक्षित होत गेलं. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्या पेशींवर असं काय आहे जे ओळखलं जातं, या प्रश्नाला तेव्हा नीट उत्तर नव्हतं. जवळजवळ पन्नास वर्षं जग ए, बी, ओ ही अक्षरं वापरत होतं, आणि त्या अक्षरांमागे नक्की कोणता पदार्थ आहे हे कुणालाही बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

मग सुगावा कुठून लागला? गंमत म्हणजे एक वाट बियांमधून गेली. एरंडाच्या बियांच्या अर्काने तांबड्या पेशींचे गोळे होतात हे १८८८ पासून माहीत होतं. पण तो अर्क सगळ्यांच्याच पेशींना चिकटवायचा, गट बघायचा नाही. १९४० च्या दशकात काही शेंगवर्गीय बियांचे अर्क सापडले, जे गट बघून चिकटवतात. आणि १९५१ मध्ये लष्करी वैद्यकीय सेवेतले जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ‘करंट सायन्स’ या आपल्याच नियतकालिकात लिहिलं की कुळथाच्या बियांचा अर्क ए गटाच्या पेशी निवडून काढतो. या बर्ड यांचं नाव पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रक्तसंक्रमण विभागाशी जोडलेलं आहे. म्हणजे इथून गाडीने तासाभरावर.

कुळीथ म्हणजे आपले हुलगे. कोकणात ज्याचं पिठलं होतं आणि घाटावर माडगं, तेच. (शिजवल्यावर हा गुण जातो, तेव्हा ए गटाच्या मंडळींनी पिठलं सोडायची गरज नाही.) ए गटातही दोन पोटगट आहेत, ए-१ आणि ए-२. योग्य प्रमाणात पातळ केलेला हुलग्याचा अर्क ए-१ ला चिकटवतो, ए-२ ला नाही. जगभरच्या रक्तपेढ्या आजही हा भेद करायला हाच अर्क वापरतात. त्या बाटलीवर कुळथाचं जुनं लॅटिन नाव असतं, डोलिकॉस. रक्तपेढीतल्या किती जणांना ते हुलगे आहेत हे ठाऊक असेल, देव जाणे. बी अमुक एक साखर ओळखतं आणि तिलाच जाऊन चिकटतं. हुलगा ओळखतो त्या साखरेचं नाव एन-ॲसिटाइल गॅलॅक्टोसमाइन, आणि तीच ए गटाची खूण.

आता मुंबईत येऊ. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात, शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात, वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया काम करत होते. भेंडे हे नाव डॉक्टर मंडळींना पॅथॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकामुळे माहीत असतं. त्यांच्यापुढे दोन रुग्णांचं रक्त आलं, एक रेल्वे अपघातातला, दुसरा भोसकलेला. दोघांना रक्त हवं होतं. त्यांच्या पेशी तपासल्या तर ए नाही, बी नाही. म्हणजे सरळ ओ. पण ओ गटाच्या दात्यांचं रक्त जुळवून पाहिलं तर गोळे होत होते. ए, बी, ओ, कुणाचंच जुळेना.

आम्हाला या प्रसंगात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर त्यांनी ‘चाचणीत काहीतरी गडबड झाली’ म्हणून नळी फेकून दिली नाही. असंच रक्त असलेला तिसरा माणूसही सापडला. नमुने लंडनला रेस आणि रूथ सँगर यांच्याकडे गेले, आणि १९५२ च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये दोन पानांचा लेख आला. त्याच्या लेखकांत आपली तीन नावं आहेत, रेस आणि सँगर आहेत, आणि आणखी दोन, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स.

हे दोघे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये नेमकी साखरच शोधत होते. त्यांची युक्ती साधी होती. ईल, म्हणजे आपल्या वामीसारखा मासा, त्याच्या रक्तद्रवाने ओ गटाच्या पेशींचे गोळे होतात. त्या रक्तद्रवात आधी एकेक सुटी साखर टाकून बघायची. जी साखर टाकल्यावर गोळे होणं थांबेल, ती पेशीवरच्या खुणेसारखी आहे. रक्तद्रव तिलाच धरून बसलं आणि पेशीकडे वळलंच नाही. गोळे थांबवणारी साखर निघाली फ्युकोज. हा निष्कर्षही १९५२ चाच.

दोन्ही गोष्टी आता शेजारी ठेवा. पेशीवरची साखळी ही भिंत समजा. तिच्या टोकाला फ्युकोज बसतं, ती झाली खुंटी. या खुंटीचं नाव एच. ए गटाची माणसं खुंटी असेल तिथेच एक साखर अडकवतात, बी गटाची दुसरी, साधं गॅलॅक्टोज. एबी गटाची दोन्ही. ओ गटाची माणसं काहीच अडकवत नाहीत, खुंटी मोकळी राहते. आणि के.ई.एम.मधल्या त्या रुग्णांच्या भिंतीत खुंटीच नव्हती.

आपलं शरीर जी साखर आपल्यात नाही, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार ठेवतं. आतड्यातल्या जंतूंवर तशाच साखरा असतात, त्यांच्यामुळे लहानपणापासूनच ही तयारी होते. म्हणून बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए विरोधी, बी विरोधी आणि शिवाय एच विरोधी प्रतिपिंडं असतात. ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त. ज्याला आपण ‘कुणालाही चालतं’ म्हणतो तेच ओ रक्त या माणसाला सगळ्यांत घातक.

यातली आनुवंशिकता १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन यांनी अमेरिकेतल्या एका इटालियन वंशाच्या कुटुंबात उलगडली. आईचा गट ओ दिसत होता आणि मुलगी एबी. आईने बी दिला कुठून? तर बीचं जनुक आईकडे होतंच, पण अडकवायला खुंटी नव्हती. मुलीला वडिलांकडून खुंटी मिळाली आणि आईचं लपलेलं बी उघड्यावर आलं. खुंटी बसवणारं जनुक १९९० मध्ये हाती लागलं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात, म्हणून नात्यात किंवा लहान समाजात लग्नं होतात तिथे हा गट जास्त दिसतो. मुंबईत सुमारे ७,६०० माणसांमागे एक, असा अंदाज १९७४ मध्ये भाटिया आणि साठे यांनी मांडला. युरोपात तो दहा लाखांत एखादा.

इथे एक प्रश्न दरवेळी येतो. खुंटी नसूनही ही माणसं ठणठणीत असतात, मग ही साखर हवीच कशाला? याचं उत्तर १९९२ मध्ये इस्राएलमधल्या दोन मुलांनी दिलं. त्यांना वारंवार जंतुसंसर्ग व्हायचे, वाढ खुंटलेली होती. रक्त तपासलं तर गट बॉम्बे! पण त्यांच्यात फक्त ती एक खुंटी गेलेली नव्हती, फ्युकोज कुठेच बसत नव्हतं. आपल्या पांढऱ्या पेशींवर फ्युकोज असलेली एक साखळी असते. तिच्या आधाराने त्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला धरत, घरंगळत जातात आणि जखमेपाशी बाहेर पडतात. या मुलांच्या पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, पण रक्तातच वाहत राहिल्या, गाव आलं तरी न थांबणाऱ्या एसटीसारख्या. पुढे अशाच आजाराच्या काही मुलांना तोंडाने फ्युकोज देऊन पाहिलं, तेव्हा काहींचे संसर्ग कमी झाले.

आता आपल्या कामाचं. या पट्ट्यात कंपन्यांत, कॉलेजांत, गणेश मंडळांत रक्तदान शिबिरं सतत होतात. शिबिरात काचपट्टीवर दोन थेंबांत जो गट सांगतात, त्यात पेशींवर ए आणि बी आहे का एवढंच बघितलेलं असतं. तिथे बॉम्बेचा माणूस ओ म्हणूनच निघणार, आणि आयुष्यभर तेच कार्ड खिशात घेऊन फिरणार. तो पकडला जातो उलट्या बाजूच्या चाचणीत. माणसाचं रक्तद्रव घेऊन त्यात ए, बी आणि ओ अशा तिन्ही पेशी टाकायच्या. ओ पेशींचे गोळे झाले की थांबायचं आणि एच विरोधी अर्काने खात्री करायची. रक्त जुळवणी पूर्ण केली तरी तो सापडतो. धोका असतो तो महामार्गावरच्या अपघातात, जुळवणीला वेळ नाही आणि हाताशी ओची पिशवी आहे, अशा वेळी.

भाटियांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये मुंबईत सुरू झालेलं रक्तगट संदर्भ केंद्र आज राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था म्हणून के.ई.एम.च्याच आवारात आहे. संशयास्पद नमुने तिथे पाठवता येतात. आणि घरात कुणाचा गट बॉम्बे निघाला, तर दूरचा दाता शोधायच्या आधी सख्ख्या भावंडांना तपासा. आईवडील दोघांकडे ते जनुक लपलेलं असेल, तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते.