पाऱ्याचं घड्याळ

24 सप्टेंबर 2014 च्या सकाळी मंगळयानाचं इंजिन पेटलं आणि काही मिनिटांतच यान मंगळाच्या आड गेलं. पृथ्वीशी संपर्क तुटला. आज्ञा आधीच चढवून ठेवलेल्या होत्या. कधी काय करायचं ते यानाने स्वतःच्या घड्याळाबरहुकूम करायचं होतं. इंजिन सुमारे 23 मिनिटं चाललं. जेमतेम एक घटका! बुडाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की 24 मिनिटं झाली. ‘घटका भरली’ असं आपण म्हणतो ते या पात्रावरूनच, आणि घड्याळ हा शब्दही त्याच घराण्यातला.

मंगळयानाने वेळ पाळली. पण ‘मी नेमकं कुठे आहे?’ याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. दूरच्या यानांना ते आजवर पृथ्वीच सांगत आली आहे. इथून रेडिओलहर सोडायची, यानाने ती परत पाठवायची, जाण्यायेण्याचा वेळ मोजून अंतर काढायचं. तो वेळ मोजणारी अणुघड्याळं फ्रिजएवढी, म्हणून जमिनीवरच राहिलेली. मंगळ लांबच्या टोकाला असला तर या एका फेरीला 40 मिनिटांच्या आसपास लागतात.

दर्यावर्द्यांची अडचण हीच होती. अक्षांश ध्रुवताऱ्यावरून कळे. रेखांशासाठी मात्र निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले हे जहाजावर कळायला हवं. घड्याळ 4 मिनिटं चुकलं की रेखांश एका अंशाने चुकतो, म्हणजे विषुववृत्तावर 111 किलोमीटर. ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये यावर 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. ते काम जॉन हॅरिसन या सुताराने आयुष्यभर धरून ठेवलं. 1730 च्या सुमारास तो लंडनला जॉर्ज ग्रॅहॅम या नामांकित घड्याळजीकडे गेला. ग्रॅहॅमने त्याला पदरचे पैसे उसने दिले. आपल्याच धंद्यातल्या अनोळखी माणसाला असा हात देणारे विरळाच.

याच ग्रॅहॅमने घड्याळात पारा आणला होता. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडतं. त्याने दांडीच्या टोकाला पाऱ्याने भरलेलं भांडं लावलं. उष्णतेने दांडी खाली वाढली की भांड्यातला पारा वर चढे आणि दोन्ही चुका एकमेकींना फेडत. डोलत्या जहाजावर लंबक निरुपयोगी, म्हणून हॅरिसनने तो सोडला आणि 1759 मध्ये 13 सेंटिमीटर व्यासाचं खिशातल्यासारखं घड्याळ पुरं केलं. 1761 साली निघालेल्या जमैकाच्या सफरीत त्याची चूक निघाली 5 सेकंदांची.

पुढे लुई एसेनने इंग्लंडमध्ये 1955 साली सीझियमचं अणुघड्याळ चालवून दाखवलं, आणि 1967 पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमवर आली. अणुघड्याळं उपग्रहांत बसली. ती बंद पडली तर काय होतं, हे आपण सोसलं आहे: 2013 मध्ये सोडलेल्या आपल्या आयआरएनएसएस-1ए उपग्रहातली तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळं निकामी झाली आणि दिशादर्शनासाठी तो उपग्रह गेला.

रुबिडियमची वाफ कुपीत कोंडलेली असते. अणू कुपीच्या भिंतींवर आपटतात, घड्याळ हळूहळू सरकतं, जमिनीवरून ते पुनःपुन्हा दुरुस्त करावं लागतं. पृथ्वीभोवती हे चालतं, मंगळापाशी नाही. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने तिथे पुन्हा पाऱ्याला हाक मारली. पाऱ्याच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन काढला की त्याला विद्युतभार येतो. मग तो विद्युतक्षेत्रात अधांतरी धरता येतो, भिंतीला लागतच नाही. घड्याळाचे ठोके देतो क्वार्ट्झचा स्फटिक, पण तंबोऱ्याच्या तारेसारखा तोही उतरतो. पाऱ्याचा सूर सेकंदाला सुमारे 40.5 अब्ज कंपनांचा, अढळ. त्याच्याशी क्वार्ट्झ सतत जुळवत राहायचं.

टोस्टरएवढं हे घड्याळ 25 जून 2019 रोजी पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेलं. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले: 20 हून अधिक दिवसांत चूक 4 नॅनोसेकंदांपेक्षा कमी. प्रकाश तेवढ्या वेळात सव्वा मीटरही जात नाही. असं घड्याळ जवळ असलं की यानाने पृथ्वीची लहर फक्त ऐकायची आणि आपलं अंतर आपणच काढायचं. उत्तराची वाट पाहणं संपलं. हॅरिसनच्या जहाजालाही हेच हवं होतं.

18 सप्टेंबर 2021 ला ते घड्याळ बंद करण्यात आलं. ती चाचणी होती आणि ती यशस्वी झाली. आपल्याकडे 29 मे 2023 रोजी एनव्हीएस-01 उपग्रहातून देशी रुबिडियम घड्याळ वर गेलं, अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने घडवलेलं. ज्यांनी हे केलं त्यांनी आता पारा हाती घ्यावा. पुढचं मंगळयान मंगळाच्या आड जाईल तेव्हा आपण कुठे आहोत हे त्याचं त्याला कळावं.