फुकट टंकाची गोष्ट

सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयातील पुस्तकाला वाळवी लागली, तरी उरलेले पान वाचता येते. संगणकावरील मराठीच्या पहिल्या पर्वाला एवढेही भाग्य लाभले नाही.

१९९०च्या दशकात 'शुषा' हा टंक फुकट मिळू लागला. मुद्रक नको, टपालखर्च नको. तळकोकणातल्या लेखकालाही मुंबई-पुण्याच्या संपादकावाचून वाचक गाठता येणार होता. पण शुषात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच! वाचणाऱ्याकडे टंक नसेल, तर समोर निव्वळ गिचमिड. शोधयंत्रात 'गंजिफा' असा शब्द घातला, तरी अशा पानावरची गंजिफा त्याला सापडणे अशक्य.

वास्तविक युनिकोडने १९९१मध्येच देवनागरी वर्णांना स्वतंत्र क्रमांक दिले होते. मात्र ते घरगुती संगणकावर रुळायला विंडोज एक्सपीचा काळ उजाडावा लागला. २००३मध्ये गूगलने ब्लॉगर विकत घेतले. त्याच वर्षी मराठी विकिपीडिया सुरू झाला. शुषाही फुकट, ब्लॉगरही फुकट. तेव्हा फरक किमतीचा नव्हे, सामायिक संकेताचा होता. आपल्याकडे या इतिहासाची चर्चा 'फुकट' या शब्दापाशीच अडते, हे मला खटकते.

फुकट जागा देणारे जिओसिटीज २००९मध्ये बंद झाले. त्यातली काही पाने इंटरनेट अर्काइव्हने राखली आहेत. शुषातले एखादे मराठी पान तिथे आज उघडले, तर आधी परिवर्तक शोधावा लागतो. मालवणीतल्या अशा जुन्या पानांसाठीही तोच आधार ठरू शकतो.