तळटीप : 'कारवारची वाट'

हुबळीला समुद्र नाही. पण बंदर होते, कारवार. काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडाच्या समोर. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली ती मिरीसाठी आणि हुबळीच्या आसपास विणल्या जाणाऱ्या तलम कापडासाठी. १६७३ मध्ये मराठ्यांनी हुबळी लुटली, तीत इंग्रजांचाही माल गेला. भरपाईचा तगादा त्यांनी शिवाजी महाराजांकडे चिकाटीने लावला. व्यापाऱ्याची स्मरणशक्ती अशा बाबतीत दांडगी असते.

१८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, तो मुख्यतः धारवाडच्या कापसापायी. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि लँकेशरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या होत्या. घाट उतरून बैलगाड्या बंदराला लागू लागल्या. पाठोपाठ रेल्वेची बोलणी निघाली.

रेल्वे झाली, पण मुरगावला! १८८० च्या दशकात गोव्याचा तो मार्ग खुला झाला आणि धारवाडचा माल तिकडे वळला.

त्याच दशकात, १८८३ मध्ये, रवींद्रनाथ टागोर कारवारला येऊन राहिले. थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे न्यायाधीश होते. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक या मुक्कामातले.

कारवार आज कोकण रेल्वेवर आहे. हुबळी–अंकोला मार्गाला मंजुरी मिळून पाव शतक उलटले, तरी तो अजून पूर्ण झालेला नाही.